चतुराचं नाणं

सेतो, ३ मार्च १९८६

मिनेको,

ओतारूला पोचली असशील. सुखरूप पोचलीस का, हे विचारत नाही. माझी वस्तू सुखरूप पोचली एवढं कळलं तरी पुरे.

आज बाहुल्यांचा सण. माळ्यावरून बाहुल्या उतरवायला घरात कुणी नाही. शेजारच्या हासेगावाबाईंनी तांदळाच्या तिरंगी वड्या पाठवल्या होत्या, त्या मी परत पाठवल्या. सुतकात सण नसतो एवढंही लोकांना सांगावं लागतं.

सकाळी कपाट उघडलं. डबी जागेवर होती, डबीत कापूस होता, चतुराचं नाणं नव्हतं. पोलिसांकडे जायची मला गरज वाटली नाही. तुझी आई गेली त्या रात्रीच्या जागरणाला जी मंडळी आली त्यांतल्या ज्यांना त्या नाण्याची किंमत कळते ते सगळे सभ्य गृहस्थ आहेत. ज्यांना कळत नाही ते त्याला हात लावणार नाहीत. उरलीस तू.

जागरणाच्या दिवशी मी डबी बाहेर काढली म्हणून तू माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंस ती मी विसरलेलो नाही. नागोयाहून तिघं मुद्दाम आले होते. लांबून आलेल्या माणसांपुढे नुसतं मान खाली घालून बसायचं असतं का? त्यांनी उदबत्ती लावली, मी त्यांना नाणं दाखवलं. दोन्हीकडून रीत पाळली गेली.

दुसऱ्या दिवशी दहनानंतर तू आणि मी काड्यांनी तिच्या गळ्याचं हाड उचलून कलशात ठेवलं. तुझा हात जरासुद्धा थरथरला नाही. मी मनात म्हटलं, पोरीत धीर आहे, माझ्यावर गेली. आता कळतं, तेव्हा नाणं तुझ्या कमरपट्ट्यात होतं.

या महिन्याच्या अखेरीला एकोणपन्नासावा दिवस येतो. त्या दिवशी अस्थी थडग्यात ठेवायच्या. देवळातल्या गुरुजींना मी निरोप दिला आहे की नाणं परत येईपर्यंत ठेवायच्या नाहीत. तुझी आई सध्या बैठकीच्या खोलीत, पांढऱ्या कापडात, चहाच्या कपाटावर आहे. तिला कसली घाई नाही. मलाही नाही. तुला असेल तर पार्सल रजिस्टर करून पाठव आणि कापूस दाबून भर.

हिबिनो जुन्साकु


सेतो, ६ एप्रिल

मिनेको,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ‘नाणं आईचं आहे.’ एवढंच लिहायला उघडं कार्ड घेतलंस, म्हणजे पोस्टमनपासून अख्ख्या आळीनं वाचावं. वाचलं त्यांनी. लोक आता मला रस्त्यात जरा जास्तच वाकून नमस्कार करतात.

आईचं. बरं. युद्धाच्या शेवटी तांबं संपलं, कथील संपलं, तेव्हा सरकारनं मातीची नाणी करायला घेतली, हे तुला पाठ आहे. लहानपणी पाहुण्यांपुढे तू ते घडाघडा म्हणून दाखवायचीस आणि मी तुला गोड वडी द्यायचो. आमच्या सेतोच्या भट्ट्यांत लाखांनी भाजली, एकही चलनात आलं नाही. युद्ध संपलं, कुटून टाका असा हुकूम आला. डोंगराचं चित्र असलेली काही वाचली, ती आजही मिळतात. चतुराचं चित्र असलेलं एकच. शर्टाच्या बटणाएवढं, विटकरी, मधे पंख पसरलेला चतुर. चतुर म्हणजे विजयाचा कीटक, पूर्वी योद्धे शिरस्त्राणावर लावायचे. हरत आलेल्या सरकारला ते चित्र बोचलं, म्हणून ते नाकारलं गेलं. हे मी शोधून काढलं, मी त्यावर लेख लिहिला. तुझ्या आईनं काय केलं? शाळकरी पोरींना तेव्हा भट्टीवर कामाला जुंपलं होतं, त्यांत ती होती. तिथून तिनं ते खिशात घातलं. म्हणजे चोरीची परंपरा घरात आहे.

मला त्याचा सुगावा लागला तो एका भट्टीकामगाराची दाढ काढताना. मुकादमाच्या मुलीकडे एक वेगळंच नाणं आहे, असं तो गुळण्या करता करता बोलून गेला. मी त्यांच्या घरी गेलो. तिचा बाप देत होता, तीच देईना. दारात उभी राहून म्हणाली, “ते द्यायचं नाही.” एवढंच, पुढे एक शब्द नाही. मग मी मध्यस्थ पाठवला. नाणं मिळेना म्हणून नाणंवाली मागून घेतली, हे मी दर नववर्षाला पाहुण्यांना सांगत आलोय आणि दर वर्षी लोक हसत आलेत. तीसुद्धा हसायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नाणं माझ्या कपाटात गेलं आणि किल्ली माझ्या घड्याळाच्या खिशात. तिला पाहायचं असेल तेव्हा पाहुण्यांच्या मागे उभी राहून पाहायची. कधी अडवलं नाही मी.

एकोणपन्नासाव्या दिवशी तुझी तोमिए मावशी आली होती. काळ्या किमोनोत, फुलं घेऊन, थेट देवळातून. गुरुजींनी तिला सांगितलं असणार. गुडघे टेकून बसली आणि कपाळ चटईला लावलं.

“भावोजी, ताईला आता तरी या घरातून जाऊ द्या.”

मी म्हटलं, “तिला मी कुठे अडवलंय? अडलंय ते ओतारूला.”

मग तिनं डोकं वर केलं आणि विचारलं, की शेवटी शेवटी ताई रोज विचारायची मिनेको आली का, तेव्हा तुम्ही तिला काय सांगत होता? मी तिला सांगितलं तेच तुला सांगतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. मी सांगायचो, कळवलंय, पण तिला सवड नाही. नोव्हेंबरात नागोयाला नाण्यांचं प्रदर्शन होतं. तू आली असतीस तर घरात रडारड, डॉक्टरांशी वाद, आणि मी दालनात उभा राहून लोकांना काय समजावणार होतो? ते झाल्यावर लिहिणारच होतो. मग नववर्षाचे पाहुणे आले. मग तिचं बोलणंच बंद झालं, तेव्हा तुला बोलावून उपयोग काय?

सवड नाही हे ऐकून ती कधी रागावली नाही. म्हणायची, “तिकडे बर्फ फार असेल.”

मावशी फुलं तिथेच टाकून गेली. मी ती पाण्यात ठेवली. नाणं पाठव.

हिबिनो


सेतो, १८ मे

मिनेको,

हे पत्र मासळीबाजारामागच्या तुझ्या नव्या खोलीवर पाठवतोय. पत्ता तुझ्या नवऱ्यानं कळवला. चांगला मुलगा आहे कुनिहिको. तू त्याच्याशी लग्न केलंस तेव्हा मी त्याला मासे साफ करणारा म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो. मासा कुठे चिरायचा हे त्याला बरोबर कळतं.

मी त्याला धमकी दिली असं तू त्याला म्हणालीस म्हणे. धमकी नव्हती. मी फक्त समजावलं, की चोरीची वस्तू घरात ठेवणाऱ्यालाही कायदा चोरच म्हणतो. त्याच्या कारखान्याच्या मालकांनाही हे समजावायची माझी तयारी आहे, असं शेवटच्या ओळीत घातलं. त्याला दहा जणांतून ती नोकरी मिळाली आहे हे तूच तुझ्या आईला कधीतरी लिहिलं होतंस.

तू सार्वजनिक न्हाणीघरात गेली होतीस तेव्हा त्यानं तुझ्या शिवणाच्या डब्यातून नाणं काढलं आणि सुक्या माखलीच्या डब्यात घालून पाठवलं. अजून वास जात नाही. सोबत चिठ्ठी होती: ‘सासरेबुवा, कृपा करून कारखान्यात लिहू नका. मिनेकोला मी सांगीन.’ सांगितलं असणार, म्हणूनच तू आता भाड्याच्या खोलीत आहेस. एका बटणाएवढ्या मातीसाठी संसार मोडलास. आणि लोक मला वेडा म्हणतात.

पण मी शब्दाचा पक्का आहे. नाणं आलं, आता अस्थींचं बोलू. तुझ्या मावशीनं सुचवलंय की थोड्या तुला द्याव्यात आणि बाकीच्या थडग्यात ठेवाव्यात. अशी वाटणी करतात लोक, गुरुजींचीही हरकत नाही. ८ जूनला, रविवारी ये. छोटा कलश आण, तिकडच्या दुकानात मिळत असेल. मावशीलाही बोलावतो.

त्याच दुपारी ओसाकाहून नुकागासान येणार आहेत. न वापरलेल्या नाण्यांचा जो मोठा सूचीग्रंथ निघतोय त्याचे ते संपादक. चतुराला त्यात अख्खं पान देणार आहेत. तेव्हा तू जरा नीट कपडे करून ये आणि चहा कर. घरात बाई नाही, पाहुण्यासमोर बरं दिसत नाही.

हिबिनो


सेतो, ११ जून

मिनेको,

तू गेल्यापासून तीन दिवस मी तुझ्या वागण्याचा विचार करतोय. सगळं क्रमानं मांडतो, म्हणजे पुढे कुणी मीठमिरची लावून सांगू नये.

तू सकाळी आलीस. दोन रात्री गाडीत काढल्याचं तोंडावरून दिसत होतं. हातात निळ्या कापडात बांधलेला छोटा कलश होता. चहाचं कपाट रिकामं पाहून तू विचारलंस, “आई कुठेय?” मी सांगितलं, थडग्यात. गुरुजींना शनिवार मोकळा होता, रविवारी त्यांच्याकडे दोन कार्यं होती, म्हणून आदल्या दिवशी उरकून घेतलं. दगड बसवला, सांधे भरले. आता ते उघडायचं तर घरच्या कर्त्या पुरुषाची सही लागते आणि तो मी आहे.

खरं कारणही सांगतो, आता काय राहिलंय. माझ्या घरातून न विचारता काही नेलं तर काय होतं, हे तुला एकदा समजायला हवं होतं.

मला वाटलं होतं तू रडशील. मावशी रडली. तू कलश कोपऱ्यात ठेवलास आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं पाणी ठेवलंस. मला बरं वाटलं. म्हटलं, वळण लागलं.

नुकागासान आले. मी डबी उघडली. त्यांनी भिंग लावलं आणि नाणं उलटसुलट करून पाहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं: विजयाचा कीटक, सरकारचा नकार. तू चहा घेऊन आलीस, त्यांच्यापुढे ठेवलास आणि तिथेच बसलीस. आवाज चढवला नाहीस हे मी मान्य करतो.

“बाबा,” तू म्हणालीस, “सरकारनं हे नाकारलं नाही. सरकारनं हे कधी पाहिलंच नाही.”

आणि मग तू ते सगळं एका परक्या माणसासमोर सांगितलंस. भट्टीवर साचे कोरणाऱ्यांत तोकुजी नावाचा एक मुलगा होता. आईचे डोळे मोठे म्हणून तो तिला ‘चतुर’ म्हणून चिडवायचा. त्यानं फावल्या वेळात एक साचा कोरला, सरकारी मातीतून एकच नाणं दाबलं, भाजलं, आणि तिच्या जेवणाच्या डब्यात ठेवलं. लग्न करून ओतारूला निघालीस त्या दिवशी आईनं तुला हे सांगितलं आणि ती जिवंत असेपर्यंत बोलायचं नाही अशी शपथ घातली. “ती कालच पूर्ण गेली,” तू म्हणालीस, “आता शपथ सुटली.”

मी म्हटलं, ही बनावट गोष्ट आहे. तेव्हा तुझी मावशी डोळे पुसत म्हणाली, “बनावट कशाला? मलाही माहीत होतं. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात की मंत्र्यांना हे चित्र कसं बोचलं, आणि ताई मुकाट्यानं चहा ओतायची. मग आत येऊन तोंडावर बाही दाबून इतकी हसायची, की एकदा किटली हातातून पडली.”

छत्तीस वर्षं.

नुकागासाननी भिंग मिटून खिशात ठेवलं. चहा संपवला. म्हणाले, “डॉक्टर, गोष्ट सुंदर आहे. पण आमच्या ग्रंथात गोष्टींना जागा नाही.” आणि लवकरची गाडी पकडायला निघाले. त्यांना स्टेशनवर सोडायलाही तू मला उसंत दिली नाहीस, कारण तू त्यांच्याबरोबरच बाहेर पडलीस. दारात मी तुला म्हटलं, हे सगळं सिद्ध करून दाखव. तू मागे वळून पाहिलं नाहीस.

तेव्हा सिद्ध करायचं काम मीच करतो. लेख लिहिताना मी जुन्या भट्टीकामगारांची माहिती गोळा केली होती. त्यांतला कोण जिवंत आहे ते शोधायला मला वेळ लागणार नाही.

हिबिनो जुन्साकु


सेतो, २ ऑगस्ट

मिनेको,

सापडला. कागामी तोकुजी, आपल्या बसच्या शेवटच्या थांब्यापाशी राहतो. गटाराचे पाइप करायच्या कारखान्यात जन्म गेला. आता मुलाकडे असतो, अंगणात टोमॅटो लावतो. तुझ्या गोष्टीतला नायक टक्कल पडलेला आहे, खालचे दात नाहीत, कवळी लावत नाही. माझ्याकडे आला असता तर चांगली बसवून दिली असती.

मी नाव सांगितलं नाही. नागोयाहून आलेला नाण्यांचा हौशी संग्राहक, एवढंच म्हटलं. त्यानं ओसरीवर बसवलं, सातूचा गार चहा दिला, मिठात मुरवलेली काकडी दिली. मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग डबी पुढे केली.

नाणं त्यानं तळहातावर घेतलं. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दिसत नसावं. अंगठ्यानं चाचपत बसला. परत द्यायला त्यानं बराच वेळ लावला, म्हाताऱ्या माणसांना हातातल्या वस्तूचं भान राहत नाही.

मी विचारलं, हे तुम्ही कोरलं का?

“कोरलं असेल,” तो म्हणाला. “तेव्हा पोरवय होतं. कुणाला मासा, कुणाला फूल, कुणाला चतुर. पोरी खूश व्हायच्या.”

“म्हणजे बऱ्याच जणींना दिली?”

“किती जणींना, ते आता कोण मोजणार.”

“वाकाए नावाची कुणी मुलगी आठवते? मुकादमाची मुलगी?”

त्यानं काकडीचा तुकडा उचलला, परत खाली ठेवला. म्हणाला, “नाही बुवा. हे नाव काही आठवत नाही.”

ऐकलंस? हेच ऐकायला मी भर उन्हात बसनं गेलो आणि माझी फेरी फुकट गेली नाही. सरकारचं नाही, ठीक आहे, तेवढं मी तुझ्या पदरात टाकतो. पण तुझंही नाही. डझनभर पोरींना वाटलेल्या खाऊतला एक तुकडा तुझ्या आईनं जन्मभर छातीशी धरला आणि स्वयंपाकघरात जाऊन मला हसली. हसू दे. ज्याच्या जोरावर हसत होती त्याला तिचं नावही आठवत नाही. पुढच्या वेळी तिची आठवण काढशील तेव्हा हेही जोडीला काढ. तू तुझा संसार ज्याच्यासाठी मोडलास ते हे.

नाणं सोबत पाठवतोय, त्याच माखलीच्या डब्यात. मला आता त्याचा काही उपयोग नाही. माझ्या संग्रहात साध्या मातीला जागा नाही. तुला हवं होतं ना? घे. आई माझ्याकडे राहील. मी गेल्यावर तिच्याशेजारी माझाच कलश ठेवतील, तशी सोय मी गुरुजींकडे लेखी करून ठेवली आहे.

एक गोष्ट राहिली. ती लिहायची गरज नाही, पण अर्धवट हकिगत सांगणं माझ्या स्वभावात नाही.

मी निघालो तेव्हा तो मला फाटकापर्यंत पोचवायला आला. काठी टेकत, हळूहळू. बस येताना दिसली. मी छत्री मिटली आणि आभार मानले. तो वाकला, वाकलेलाच राहिला, आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, “डॉक्टरसाहेब, बाईंना कुठल्या देवळात ठेवलंय?”

मी डॉक्टर आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं. कुणी वारल्याचंही बोललो नव्हतो.

गाव लहान आहे, बातम्या फिरतात. मी उत्तर दिलं नाही. बसमध्ये चढून मागच्या बाजूला बसलो. वळणापर्यंत तो तिथेच फाटकाला धरून उभा होता, मी काही सांगेन अशा अपेक्षेनं.

हिबिनो